हद्दूचा दगड

ताउरिर्त, १४ मे १९९६

हद्दू,

हे पत्र मी लिहीत नाहीये, पंच लिहायला लावताहेत. एवढं आधी समजून घे आणि मग पुढं वाच. पंचांतले थोरले दा इद्दर समोर काठी घेऊन बसलेत आणि प्रत्येक ओळ मला त्यांना वाचून दाखवायची आहे. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं जी ओळ मला पटत नाही ती मी हळू वाचतो.

नियम पुन्हा लिही असं ते म्हणतात. शहरात गेलेला माणूस विसरतो म्हणे. तर लिहितो. दोघांनी मिळून डोंगरात जुनी, दगड झालेली हाडं खणायला भुयार धरलं की तोंडाशी दोघं आपापल्या हातानं एकेक दगड ठेवतात. दगड आहेत तोवर भुयार दोघांचं. एकट्यानं खणायचं नाही, तिसऱ्यानं शिरायचं नाही. ज्याला सोडायचंय त्यानं स्वतः येऊन आपला दगड उचलायचा आणि उतारावरून लोटून द्यायचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला तर तो चोर. चार वर्षांपूर्वी तू गेलास तेव्हा पहार नेलीस, घमेलं नेलंस, आपली चहाची किटलीसुद्धा नेलीस. दगड तेवढा ठेवून गेलास. विसरलास की मुद्दाम ठेवलास, ते तुझं तुला माहीत. भुयार तेव्हापासून बंद आहे आणि मी दुसऱ्यांची माती उपसतोय.

आता बातमी. एप्रिलच्या शेवटी अवेळी पाऊस झाला. वरून लोंढा आला आणि भुयाराच्या तोंडासमोर आपण जिथं बसायचो तो सपाट तुकडा अर्धा खचला. सकाळी मी सहज तिकडून जात होतो. सहजच. तर खचलेल्या कडेत हाडं दिसली.

तू म्हणायचास हाडांचा थर डावीकडं वळतो. मी म्हणायचो सरळ आत जातो. त्याच्यावरून आपण एक अख्खा हिवाळा फुकट घालवला आणि शेवटी रिसानीच्या बाजारात, गाढवांच्या देखत, एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार केला. तर ऐक. डावीकडं नव्हतं. सरळही नव्हतं. खाली होतं. ज्याच्यावर चूल मांडून आपण वर्षानुवर्षं चहा उकळला, त्याच्या खाली.

आणि सुटी हाडं नाहीत, हद्दू. आपल्या दोघांच्या आयुष्यात आपण काय पाहिलं? सुटे दात, मोडके मणके, कुठल्या तरी माशाचा खवला. हे तसं नाही. शेपटीचे मणके एकाला एक लागून ओळीनं आहेत, जनावर काल झोपलं असावं तसे. ती ओळ डोंगरात शिरते आणि थेट आपल्या दोन दगडांखाली जाते. तिथं मी थांबलो. पुढं हात लावायचा तर दगड हलवायला हवेत. माझा मी आत्ता हलवतो. तुझ्याला कोण हात लावणार?

तर ये आणि तुझा दगड उचल. शरदातला पाऊस आला की तो उतार राहत नाही, आणि उतार गेला की जनावर गेलं. त्याच्या आत ये.

यायचंच नसेल तर साक्षीदारासमोर तोंडानं सांगितलं तरी चालतं, मग पंच तुझ्या वतीनं दगड काढतील. हेही लिही असं दा इद्दर म्हणाले, म्हणून लिहिलं. ही ओळ मी मोठ्यानं वाचली. पत्र मीमूनच्या ट्रकमधून पाठवतोय. तुझ्या मेहुण्याकडून, फद्माच्या भावाकडून, तुझा पत्ता घेतला. साक्षीदार म्हणून मीमून चालेल असं पंचांनी ठरवलंय. ज्या माणसाला स्वतःच्या ट्रकचे ब्रेक कधी लागतात ते सांगता येत नाही त्याची साक्ष. पण मला कोण विचारतंय?

बासू


ताउरिर्त, २ जुलै

हद्दू,

मीमून परत आला. तू भेटला नाहीस म्हणाला. अगादीरच्या बंदरावर शोधलं, मासळीच्या लिलावात शोधलं, तू कुठं राहतोस ते कुणालाच ठाऊक नाही. पंचांना मी तसंच सांगितलं. म्हणून हे दुसरं पत्र, पोस्टानं, त्याच पत्त्यावर. तू तिथं राहत नाहीस हे कळूनही पाठवतोय, कारण पंच म्हणाले पाठव.

एक गोष्ट आपली सहज लिहितो. माणूस दमून आलेला असतो, अंगाला मासळीचा वास, समोर अचानक गावचं कुणी तरी उभं राहतं. अशा वेळी तोंडातून काही पण निघून जातं. 'लाथ मार त्या दगडाला' वगैरे. शहाण्या माणसानं असल्या बोलण्याचा अर्थ तसाच घ्यायचा नसतो. हे मी तुझ्याबद्दल म्हणत नाही. तू तर भेटलाच नाहीस.

इथं मर्राकेशहून विद्यापीठाची एक बाई आलीय. रकिया नाव. सगळे मानानं लल्ला रकिया म्हणतात, आणि आमची इत्तो तर तिला लेकीसारखी रागावते. ती आली तशी उतारावर पालथी पडली आणि दिवसभर तशीच राहिली. इत्तोला वाटलं बाईला ऊन लागलं. पाणी घेऊन धावली, तर बाई दात घासायच्या ब्रशनं मणक्यावरची माती झाडत होती.

ती म्हणते जनावर बहुतेक अख्खं आहे. मगरीसारखं तोंड असलेलं, नदीत राहणारं, मीमूनच्या ट्रकपेक्षा लांब. "इथं नदी होती, बासू," ती म्हणाली, "या काठावरून तो काठ दिसणार नाही एवढी." इत्तो हातातला तांब्या तिच्यापुढं धरून म्हणाली, "एवढी होती तर जाताना विहिरीत दोन बादल्या तरी टाकून जायची." बाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

सरकारी परवानगी तिनं आणलीय. हाडं गुंडाळायला पोती आणि प्लास्टर आणलंय. सुटं करून बाजारात विकायचं नाही, अख्खं काढायचं आणि आपल्याच गावात, शाळेमागच्या खोलीत ठेवायचं, हे पंचांनी मान्य केलंय. आपल्या डोंगरातून एवढी वर्षं सगळं बाहेरच गेलं, हद्दू. हे पहिलं राहील. सगळं तयार आहे, अडलंय ते दोन दगडांवर.

बाईनं विचारलं, "हा दुसरा दगड जरा बाजूला सरकवला तर?"

दा इद्दरनी नुसती काठी जमिनीवर टेकवली. बाई समजली. मग मला म्हणाली, "तुमचे भागीदार असतात कुठं?"

"समुद्राकाठी," मी म्हणालो. "दगडातली मासळी सोडून वासाच्या मासळीमागं गेले."

"परत येतील?"

"त्याला यायचं असेल तर येईल, नाही तर खड्ड्यात जाईल," मी म्हणालो. बाईनं इत्तोकडं पाहिलं, इत्तोनं बाईकडं पाहिलं, आणि दोघी गालातल्या गालात हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

फद्माला सलाम सांग. पंचांकडून.

बासू


ताउरिर्त, २० ऑगस्ट

हद्दू,

ऊन असं आहे की सरडेसुद्धा सावली सोडत नाहीत. मी मात्र दिवसभर उतारावर असतो. कुणी तरी बसायला हवं. रिसानीहून दोन व्यापारी येऊन घिरट्या घालून गेले. मी पहार दाखवली, गेले.

गावात माझी चेष्टा चाललीय. बासू हाडं उबवतोय म्हणतात. काल विहिरीवर एका पोरगीनं विचारलं, "बासूचाचा, पिल्लू कधी निघणार?" मी म्हणालो, "निघालं की आधी तुलाच चावेल." पण पटकन उठून तिच्यामागं धावलो नाही. पाय मुरगळलाय जरासा. काही विशेष नाही.

मीमून दर खेपेला अगादीरला जातो आणि परत आला की आमच्या घरून दोन कलिंगडं घेऊन जातो. इत्तो विचारते, "त्याला कशाला एवढी कलिंगडं?" मी म्हणतो, "गरीब आहे." इत्तो म्हणते, "त्याच्याकडं ट्रक आहे. तुझ्याकडं गाढव आहे, तेही लंगडं. दोघंही लंगडे तुम्ही." मागच्या शुक्रवारी दा इद्दरनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "मीमून, हद्दू नक्की भेटला नाही ना रे?" तर त्याला असा खोकला आला की थांबेना. बिचाऱ्याच्या छातीत धूळ गेली असावी. मी त्याला पाणी दिलं. पाणी देताना पायावर पाय दिला, तो चुकून.

परवा दुपारी थोडा पाऊस पडून गेला. एक मणका सुटून घळीत गेला. मी धावलो. तेव्हाच तो पाय. शोधला, पण सापडला नाही. बाई काही बोलली नाही. तंबूत जाऊन बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मी इत्तोच्या आईचा बकरीच्या केसांचा जुना तंबू काढला आणि उतारावर पांघरला, कडेनं दगड लावले. इत्तोनं घर डोक्यावर घेतलं. "माझ्या आईनं तो माणसांसाठी विणला होता, मेलेल्या मगरीसाठी नाही." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः सुई-दोरा घेऊन वर आली आणि फाटलेल्या जागा शिवायला बसली. शिवता शिवता विचारते, "हद्दूचं उत्तर आलं का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "अस्सं." हे तिचं 'अस्सं' मला आवडत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ज्या ज्या वेळी ती अस्सं म्हणाली, त्या त्या वेळी मी पकडला गेलोय.

चहा इत्तोच्या किटलीत करतो. ती गळते. चहाचं जाऊ दे.

हद्दू, येऊन जा. एक दिवस. दगड उचल, उतारावरून लोट, थुंक त्याच्यावर, आणि जा परत. मी अडवणार नाही.

बासू


ताउरिर्त, २९ सप्टेंबर

हद्दू,

हे पत्र कुणी लिहायला लावलेलं नाही. म्हणजे इत्तोनं लावलंय, पण ती समोर बसलेली नाही.

मीमून फुटला. बाजारात इत्तोनं त्याला गाठलं आणि नुसतं एवढंच विचारलं, "कलिंगडं गोड होती का?" तेवढ्यावर त्यानं सगळं ओकलं. संध्याकाळी तिनं माझ्यासमोर भाकरी ठेवली, बसली आणि म्हणाली, "सांगतोस का मी पंचांकडं जाऊ?"

तर सांगतो. मीमूनला तू पहिल्याच खेपेला भेटलास. लिलावाच्या शेडमध्ये, पेट्या उचलताना. माझं पत्र तू त्याच्यासमोर उघडलंस, वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि म्हणालास, "त्याला सांग, लाथ मार त्या दगडाला." साक्षीदारासमोर दिलेला शब्द. नियमात बसणारा. मीमून परतला त्याच दिवशी मी तो पंचांना सांगितला असता तर जूनमध्येच तुझा दगड घळीत गेला असता आणि आज जनावर शाळेमागच्या खोलीत असतं. मी सांगितलं नाही. मीमूनच्या तोंडात कलिंगड कोंबलं आणि पंचांना म्हणालो तू सापडला नाहीस. जुलैच्या पत्रात तुलाही तेच लिहिलं. जो भेटला त्यालाच सांगतोय की तू भेटला नाहीस. लिहिताना मलाच कळत होतं मी किती मूर्ख दिसतोय ते.

का केलं ते विचारशील. एवढी वर्षं मला कुणी विचारलं की बासू, तुझा भागीदार कोण, तर मी म्हणायचो हद्दू. तू गेल्यावरही तेच म्हणायचो, कारण दगड होता. लोक म्हणायचे, अरे तो गेला. मी म्हणायचो, जाऊन बघा, दगड आहे. तो दगड घळीत गेला असता तर मग काय म्हणालो असतो? जनावर मला हवंय, हद्दू, खोटं कशाला बोलू. आयुष्यात एकदा अख्खं जनावर. पण ते तुझ्याशिवाय काढायचं मनात आलं की हातातली पहार जड होते. मला तुझी आठवण येते. झालं लिहून. आता हसायचं तर हस.

पण आता माझ्या मनाचा खेळ पुरे झाला. गेल्या आठवड्यात मोठा पाऊस आला. इत्तोच्या आईचा तंबू टिकला, त्याच्या कडेची माती टिकली नाही. शेपटीची आणखी दोन हाडं गेली. खचलेली कड तुझ्या दगडापासून हातभरावर आलीय. बाई म्हणते, आणखी एक असा लोंढा आला की मान आणि डोकं जिथं असेल ते सगळं जाईल. तिनं मला दोष दिला नाही, पण तिचा चेहरा बघवत नाही. एका रुसलेल्या माणसासाठी मी ते जनावर पाण्यात घालतोय, जे किती युगं त्या डोंगरात सुखरूप होतं. ते मला जमणार नाही.

म्हणून ठरवलंय. खजूर उतरवणं चाललंय. ते संपलं की १८ ऑक्टोबरच्या शुक्रवारी, नमाजानंतर, पंच वर येतील. मीमून सगळ्यांसमोर साक्ष देईल आणि पंच तुझा दगड काढतील. मीही सगळ्यांसमोर सांगीन की शब्द मला जूनपासून माहीत होता. त्याची जी शिक्षा असेल ती मी घेईन. बहुतेक सगळ्या गावाला बोकड कापून जेवण. बोकड कुठला हेही इत्तोनं ठरवलंय.

त्याआधी तू आलास तर आलास. नाही आलास तर शब्द तुझाच आहे, मी फक्त उशिरा पोचवला.

बासू


ताउरिर्त, २४ ऑक्टोबर

फद्मा,

हे पत्र तुला, कारण तुझा नवरा माझ्याशेजारी बसून लिही लिही करतोय आणि स्वतः लिहीत नाही. त्याच्या हाताला हाडांवरचं ओलं प्लास्टर लागलंय म्हणे. गेले सहा-सात दिवस त्याच्या प्रत्येक कामाच्या वेळी हाताला प्लास्टर लागलेलं असतं.

तो सुखरूप आहे. जेवतो भरपूर. इत्तोच्या भरलेल्या भाकरीवर असा तुटून पडतो की अगादीरला तू त्याला काय खायला घालतेस अशी तिला शंका आलीय. त्याला आणखी काही दिवस लागतील हे कळवायचं होतं. तेवढं एका ओळीत झालं असतं, पण तो तुला झालेलं सगळं नीट सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

शुक्रवारी नमाज झाली. आम्ही सगळे वर चढलो. आभाळ पश्चिमेकडं काळं होतं आणि लल्ला रकिया दर दोन पावलांनी तिकडं बघत होती. दा इद्दर दगडांपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मीमून, ये पुढं. हद्दूनं काय सांगितलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

मीमून पुढं आला. घसा खाकरला. मी खाली बघत होतो, म्हणून मला काही दिसलं नाही. आवाज ऐकू आला, टण्ण असा, किटलीवर किटलीचं झाकण आपटल्याचा. मला तो आवाज माहीत आहे. त्या किटलीचं झाकण कधीच नीट बसलं नाही.

वर पाहिलं तर तुझा नवरा चढण चढून येत होता, धापा टाकत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आमची किटली.

"साक्ष कसली घेताय?" तो म्हणाला. "मी मेलोय का?"

मीमून मोठ्यानं हुश्श करून खाली बसला.

दा इद्दर म्हणाले, "दगड उचलायला आलास की लोटायला?"

"आधी चहा," हद्दू म्हणाला. मग खचलेला उतार बघून माझ्याकडं वळला. चार वर्षांनी पहिला शब्द काय बोलला ऐक. "माझी बसायची जागा कुठं गेली?"

"पावसानं नेली," मी म्हणालो.

"तू इथं असताना नेली?"

"मी इथं होतो. तू कुठं होतास?"

लल्ला रकिया म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा हवं तेवढं, पण ते आभाळ बघताय ना?" तेव्हा आम्ही भानावर आलो.

माझा दगड मी उचलला. त्याचा काही हलेना. एवढ्या पावसात आणि उन्हात तो मातीत रुतून बसला होता. हद्दूची मान लाल झाली. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाला, "हात लावू नकोस. नियम आहे." तिथं उभ्या असलेल्या एवढ्या माणसांत तोच एक नियम पाळत होता आणि तोच चार वर्षं गायब होता. शेवटी बोटं खाली खुपसून, गुडघे टेकून त्यानं तो उपटला. दगड छातीशी धरून तो तसाच बसून राहिला. लोटून देईल म्हणून मी वाट बघत होतो. उतार समोरच होता. त्यानं लोटला नाही. उठला, वर पक्क्या कातळापाशी गेला, दगड तिथं ठेवला, आणि खाली येऊन मला म्हणाला, "तुझा घेऊन ये. की तोही मीच उचलू?"

मी माझा दगड घेऊन गेलो. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती. त्याच्याही गेली होती. वारा होता त्या दिवशी.

मग दुपारपासून अंधार पडेपर्यंत सगळं गाव उतारावर होतं. बायकांनी पोत्यांना प्लास्टर लावलं, आम्ही दोघांनी कडा खोदल्या, लल्ला रकिया एकेक हाड दाखवत गेली. पाऊस आला, पण तो डोंगरापलीकडं पडला. आपल्याकडं नुसता गार वारा आला. तेवढं नशीब आपल्याकडं असायला हरकत नव्हती.

हद्दूच्या दगडाखालीच मान निघाली. आणि आता हे ऐक, कारण हे तो तुला आल्या आल्या सांगणार आहे आणि नंतर मरेपर्यंत सांगत राहणार आहे. जनावर सरळ पडलंय, शेपटीपासून खांद्यापर्यंत अगदी सरळ. मान मात्र वळलीय. आणि वळलीय ती डावीकडं. डोकं डावीकडं आहे, सगळे दात जागच्या जागी.

हद्दूनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं.

"बोल," मी म्हणालो.

"मी कुठं काय बोललो?" तो म्हणाला.

शेपटीच्या हरवलेल्या हाडांपैकी एक काल इत्तोला घळीत सापडलं, बकऱ्यांसाठी चारा आणायला गेली होती तेव्हा. पदरात गुंडाळून आणलं आणि लल्ला रकियाच्या हातात ठेवून म्हणाली, "घे, तुझ्या नदीनं परत दिलं." बाकीचीही सापडतील. सगळी पोरं घळीत उतरलीत.

त्याचा शब्द दाबून ठेवल्याबद्दल मला बोकड कापावा लागला. शिक्षा ती शिक्षा. पण सगळ्यात जास्त तुझ्या नवऱ्यानं खाल्ला.

आता एक विचारायचंय, आणि ते मी विचारतोय, तो नाही. शाळेमागच्या खोलीत जनावर मांडायला, एकेक हाड साफ करायला लल्ला रकियाला दोन माणसं लागणार आहेत. पुढची काही वर्षं. पगार विद्यापीठाचा. एक मी आहे. दुसरा कोण, ते तिनं मला विचारलं. मी म्हणालो, त्याच्या बायकोला विचारून सांगतो.

तुझा दीर समज, भाऊ समज,
बासू

—

फद्मा, हात धुतलाय, आता मी लिहितो. यानं लिहिलेलं सगळं वाचलं. बरंचसं खरं आहे. माझ्या डोळ्यांत धूळ गेली नव्हती. मी रडलो. त्यात लपवायचं काय?

याला वाटतं शेवटचं पत्र वाचून मी आलो. वाटू दे. तुला खरं सांगतो. मीमूनला 'लाथ मार' म्हणालो त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नव्हतं, तुला आठवत असेल, पेटी पायावर पाडून घेतली होती. रोज वाटायचं आज कुणी तरी येऊन सांगेल की तुझा दगड काढला. कुणी आलं नाही. मग जुलैमध्ये याचं दुसरं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की मी मीमूनला भेटलोच नाही. मी ते लिलावाच्या शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि एवढा हसलो की मुकादमानं विचारलं काय झालं. मी म्हणालो, काही नाही, घरून पत्र आलंय.

यायचं तेव्हाच ठरलं होतं, लगेच निघायला हवं होतं. पण लगेच आलो असतो तर हा डोक्यावर बसला असता. माझ्या त्या रुसव्यात शेपटीची हाडं गेली, ती मीच शोधून काढणार आहे.

बासूनं विचारलंय त्याचं उत्तर तू दे. तुझं 'नाही' आलं तर मी तिकडं येईन आणि पुन्हा पेट्या उचलीन, तोंड वाकडं करणार नाही. 'हो' आलं तर भांडी बांधायला घे. किटली इथं आहे, ती शोधत बसू नकोस.

दगड वर ठेवलेत, दोन्ही, शेजारी शेजारी. माझा डावीकडं आहे.

हद्दू